पान त्रेचाळीस

सदतीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले.
झाशी रोड, एजी ऑफिस, तिसरा मजला,
हिरवी शाई, आणि समासात माझा एकच शेरा:
पावती दाखवा.

आता पावती मलाच येते, महिनाअखेर,
अशा दुकानाकडून ज्याला फळी नाही, गल्ला नाही,
दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपणारा मालक नाही.
या वेळी पाच रुपये एकोणसाठ पैसे.
विक्री निरंक.
पानामागे तेरा पैसे, म्हणजे भागाकार सरळ आहे:
कुणीतरी त्रेचाळीस पानं वाचली
आणि थांबलं.

पुस्तक वर चढवलं रिद्धिमानं,
खालच्या भदौरियांची धाकटी. मराठी येत नाही,
पण अक्षरं तीच, म्हणून 'मुरारचा वजनकाटा'
तिनं न अडखळता वाचलं आणि विचारलं,
आंटी, दाम क्या रखें?
मी म्हटलं दोनशे.
ती हसली. एकोणपन्नास टाकलेत तिनं.
त्याहून जास्त मागितले तर दुकान म्हणे तळाशी ढकलतं,
जिथे कुणाचं बोट पोचत नाही.
एकोणपन्नासात दौलतगंजला पाव किलो गजक येत नाही,
आणि त्यातलेही पस्तीस टक्के माझे.

आधी तर त्यांनी परतच पाठवलं होतं.
शेरा: भाषा तपासा.
आमच्याकडे थंडी नाही, सर्दी पडते,
माणूस सर्दीत कुडकुडतो, शिंकत नाही.
हे यंत्राला कसं समजावू?
पुण्याच्या नणंदेला चाळीस वर्षांत समजावता आलं नाही.

मग घेतलं, आणि ठेवलं कुठे,
तर 'आरोग्य व वजन' या कप्प्यात.
एका बाजूला पोट सात दिवसांत सपाट,
दुसऱ्या बाजूला मेथीच्या दाण्यांचे चमत्कार,
मध्ये माझा विश्वंभर,
धान्यमंडीतला काटेवाला, बंद गळ्याचा कोट घालून.
रिद्धिमानं तीन अर्ज केले.
तिन्हींना एकच उत्तर आलं, अतिशय नम्र,
खाली कुणाची सही नाही.

म्हणजे जो कुणी आला
तो पोट कमी करायला आला होता.
आणि तरी त्रेचाळीस पानं बसला!
हे मी दिवसभर मनात घोळवते आहे,
कणीक मळताना, दूधवाल्याला पैसे मोजताना.
दोन दिवस? की एका रात्रीत?
पुढे वाचावंसं वाटलं नाही,
की पुढे वाचवलं नाही?
दुकानाला दोन्हींचे तेरा पैसेच.

रिद्धिमा म्हणते, आंटी, त्यांचं पान वेगळं,
तुमचं पान वेगळं. ते त्यांच्या हिशेबानं मोजतात.
म्हणजे काटा त्यांचा, वजनं त्यांची,
आणि माल तेवढा माझा.
विश्वंभर असता तर म्हणाला असता,
आधी रिकामा काटा दाखवा.
मीही तेच म्हटलं असतं, हिरव्या शाईत.
पण पत्ता? कुणाच्या टेबलावर पाठवू?

शेवटी घरची बाइंड केलेली प्रत काढली,
माझ्या मापाचं त्रेचाळीस उघडलं.

मंडी उठली आहे. हमाल गेले.
विश्वंभर शटर अर्धं ओढतो, इकडेतिकडे बघतो,
आणि जोड्यांसकट, छत्रीसकट
स्वतःच काट्यावर उभा राहतो.
खूप वेळ. मग उतरून वहीत लिहितो:
माल, किरकोळ. धनी, हजर नाही.

हे मी जानेवारीत लिहिलं होतं,
रजईत हात घालून घालून,
यांना जाऊन अकरावा दिवस होता.
ते कुणाला सांगितलं नाही,
पुस्तकातही नाही.

पान उलटलं.
चव्वेचाळीस अर्ध्याहून जास्त कोरं आहे.
वर चार ओळी, तिथे प्रकरण संपतं.
चारच ओळी राहिल्या होत्या त्याच्या.
किंवा तिच्या.