लांब पाऊल

सेगेडमध्ये जुलैत दुपारचे तीन म्हणजे
ट्रामचे रूळसुद्धा घामेजतात.
खिडक्यांच्या फळ्या ओढून घेतलेल्या,
पंखा मान हलवतोय, नाही नाही म्हणत,
आणि लोरिंत्स आतून विचारतो,
आज कोणती आणणार?

मी पिशवी उचलते. प्लास्टिकची रिकामी बाटली मात्र हातात.
ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय गेलं आता.

दुकान तळघरात. सात पायऱ्या,
पायरीगणिक उन्हाचा हात खांद्यावरून सुटत जातो,
आणि शेवटच्या पायरीवर ओल्या लाकडाचा वास.
झोंबोरचा बाप नुसत्या हनुवटीने पिंप दाखवायचा.
झोंबोर मात्र शिकून आलाय, तो सांगतो:
हिच्यात अकेशियाचा मध आहे, हिच्यात भिजलेला दगड,
ही बारा महिने ओकच्या पिंपात झोपली होती.
झोपू दे, म्हटलं, उठवू नकोस.
उन्हाळ्यात मला झोपेतून उठलेली नको,
तोंड धुऊन आलेली हवी.

त्याने इर्शाई ओलिव्हेर पुढे केली.
वास असा, की चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलेली मुलगी.
छानच. पण दुसऱ्या पेल्यानंतर
तिच्याकडे बोलायला काही उरत नाही.
रोझे घेतली एक लहान बाटली,
टरबुजाच्या सालीलगत असतो तेवढीच गुलाबी;
रविवारी सून येते, तिला रंग लागतो.

मग कोपऱ्यातलं पिंप.
ओलासरिझलिंग, गेल्या शरदातली. पातळ, आंबटसर,
गिळल्यावर मागे कडू बदामाची जराशी आठवण.
ही अगदी साधी आहे हो, झोंबोर ओशाळून म्हणाला.
साधीच दे.
पाणी घातलं म्हणून रुसणार नाही अशी.

आमच्याकडे मापांनाही नावं आहेत.
तीन भाग वाइन, दोन भाग सोडा,
त्याला म्हणतात रखवालदार.
दोनाला तीन केलं की उपरखवालदार.
आणि एक भाग वाइन, दोन भाग सोडा:
लांब पाऊल.
का, ते कुणाला धड सांगता येत नाही.

लग्न झालं तेव्हा लोरिंत्स रखवालदार प्यायचा.
तीन प्यायचा, आणि मग इमारतीच्या खऱ्या रखवालदाराशी
जिन्यात फुटबॉलवरून भांडायचा.
पन्नाशीत स्वतःहून उपरखवालदार झाला.
यंदा मार्चमध्ये डॉक्टर सेपेशींनी
कागदावर मोठं शून्य काढलं.
लोरिंत्स त्या शून्याकडे असा बघत राहिला
की त्यांनीच शेवटी पेन खाली ठेवलं:
बरं, लांब पाऊल. एक. संध्याकाळी.

मे महिन्यापासून मी त्यातही कमी करतेय.
आधी बोटभर. मग दोन बोटं.
फ्रीजशी उभी राहून, पाठ त्याच्याकडे.
मग निळ्या काचेचा सायफन, त्याच्या मावशीचा,
एवढा खाकरतो, एवढा फसफसतो,
की त्या आवाजात काहीही खपून जातं.

आज आठ वाजले तरी भिंती तापलेल्या.
फळ्या उघडल्या. खालून कुणीतरी गॅलरीत पाणी शिंपडलं
आणि दगडाचा वास वर आला,
झोंबोर म्हणतो तोच असावा, फुकटचा.
टेबलावर दोन पेले. काकडी, मीठ, पावाचा कडेचा तुकडा.

लोरिंत्सने एक घोट घेतला.
पेला उजेडात धरला, जसा कुणाचा एक्स-रे.
काही बोलला नाही.
मग माझा पेला सावकाश आपल्याकडे ओढला,
एकच घोट घेतला त्यातला, डोळे मिटून,
आणि जिथे होता तिथेच, ओल्या वर्तुळावर, परत ठेवला.

मी काकडीला मीठ लावत बसले.
लावलेल्यालाच पुन्हा.

ट्राम गेली. पेले थोडे किणकिणले.
उद्या फुरमिंट आहे का बघ त्याच्याकडे, तो म्हणाला.
आणखी आंबट असते ती.
थोडी असली तरी
कळते.