वेस

मोठ्या नकाशात आम्ही नाही.
कॅन्ससच्या त्या सरळसोट रस्त्यावर एक हिरवी पाटी आहे, व्हेल्मा,
आणि पाटीच्या मागच्या बाजूलाही व्हेल्माच.
गावाची जाडी एका पत्र्याएवढी,
असं आमचे हे म्हणायचे.

व्हेल्मा कोण ते कुणाला सांगता येत नाही.
रेल्वेच्या मुकादमाची बायको असावी, किंवा मुलगी.
म्हातारा रीडेल शपथेवर सांगायचा, खेचर.

१९११ साली मतदान झालं, धान्याच्या कोठारात.
नगर व्हायचं का?
हद्द आखायची, महापौर नेमायचा, चौकात एक दिवा.
हो म्हणणाऱ्याने डब्यात गहू टाकायचा, नको म्हणणाऱ्याने मका.
अठरा गहू. एकोणीस मके.

एकोणिसावा दाणा गॉटलीब श्टॉसचा.
त्याने तो लपवला नाही, जन्मभर सांगत राहिला.
कागदावरची रेघ त्याच्या परसातून जात होती,
चूल आत, विहीर बाहेर.
"घोटभर पाण्यासाठी मी रोज गाव सोडू?"

मग राहिलंच ते.
शाळा गेली. टपाल गेलं, शेवटचं पाकीट
ॲमेलिया बेंडरच्या नावाचं, ती आधीच वारलेली.
रूळ उखडले तेव्हा स्लीपर सगळ्यांनी वाटून घेतले;
माझ्या टोमॅटोच्या वाफ्याला अजून डांबराचा वास येतो
उन्हाळ्यात.

कायद्याने आज इथे एकच संस्था आहे: दफनभूमी मंडळ.
तिला हद्द आहे, कर आहे, शिक्का आहे,
चिटणीस आहे, म्हणजे मी.
सभा माझ्या स्वयंपाकघरात भरते, तिघांची.
मागच्या वेळचा विषय: गवतकापणीचं पातं, आणि घुशींची बिळं.
जिवंतांची घरं कुठेही, कशीही,
मेलेल्यांना मात्र ओळ आहे, आकडा आहे.
श्टॉस, गॉटलीब. ओळ चार, जागा नऊ.
बरोबर आत. चारही बाजूंनी आत.

परवा एका मुलीचा फोन आला, जनगणनेची काहीतरी,
लोकसंख्या किती विचारत होती.
मी वही उघडली आणि दोनशे बारा सांगितले.
मग आठवलं, आणि म्हटलं, थांब,
ते वेगळे. आम्ही अकरा.

लायलॅकची रोपं लावलीत यंदा फाटकाशी.
नळ नाही इथे.
बादली घेऊन श्टॉसच्या विहिरीवर जाते,
ती अजून गोड आहे,
अजून बाहेर आहे.
जाताना चार नंबरच्या ओळीवरून जावं लागतं.
मी तिकडे बघत नाही.