टक्का-पंचवीस

प्रीट झोपलाय. पहाटे चारला त्याला डेपोतून बस काढायची असते.
स्वयंपाकघरात मी, राईच्या पावाचा कडक झालेला तुकडा,
आणि चौदा वर्षांत कुणी न आवरलेली एक फाइल.
मार्च आला तरी नदी गोठलेलीच आहे,
तार्तू शहर दिवे मालवून गप्प.

दिवसा मी नगरपालिकेची पाणीबिलं सांभाळते.
ही लायब्ररी रात्रीची. हिचे पैसे कुणी देत नाही,
मोडली की मात्र सगळ्या जगाला माझं नाव आठवतं.

पत्ते वाचायचे, एवढंच तर काम.
पण ठिगळावर ठिगळ, त्यावर रफू:
एक फंक्शन शेवटचा स्लॅश काढतं,
दुसरं मुकाट्यानं परत लावतं.
पोर्ट ऐंशी लिहायचा नाही, तो गृहीत धरायचा
(गृहीत धरलेल्यांचं काय होतं ते प्रीटला विचारा).
दोन टिंबं म्हणजे एक पायरी मागे;
मुळाच्याही मागे जाऊ पाहणाऱ्याला
मुळाशीच उभं करायचं.
आणि रिकामी जागा रिकामी ठेवता येत नाही.
तिथे कुणी अधिकचं चिन्ह लिहितो, कुणी टक्का-वीस.
हॅशच्या पुढचं सर्व्हरला कधीच कळत नाही,
ते ज्याचं त्याच्यापाशी राहतं.
हा नियम मी तसाच ठेवला.

तीनशे बारा ओळी काढल्या.
त्यात एक होती, तीन ओळींचा जीव,
एकदा सोडवलेलं पुन्हा एकदा सोडवणारी.
वर टिपण: "काढू नका. तोनू."
कारण नाही, तारीख नाही.
काढली.
सगळ्या टेस्ट हिरव्या. मी झोपायला गेले.

नवव्या दिवशी व्होरूच्या अभिलेखागारातून
हेल्ये ताम्साल्लूचं पत्र.
चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतली माणसं सापडत नाहीत.
सगळी नाही,
ज्यांच्या नावात तो ओ आहे, डोक्यावर लाट असलेला,
फक्त तीच.
त्यांच्या जुनाट यंत्रात त्या ओचे आधी टक्के होतात,
मग टक्क्याचाही टक्का: टक्का-पंचवीस.
दोनदा गुंडाळलेलं नाव
मी एकदाच उघडत होते,
आणि आत माणूस नाही म्हणून दार लावत होते.

तोनू तिथेच कामाला होता, तिनं लिहिलं.
आता र्‍योउगेकडे मधमाश्या पाळतो. मेल वाचत नाही.
त्याच्या स्वतःच्या नावातही तोच ओ.

माझ्या नावात नाही. मी वाइके.
माझं नाव कुठल्याही पत्त्यात सुरळीत बसतं,
म्हणून मला कधी काही तुटलेलं दिसलंच नाही.

तीन ओळी परत ठेवल्या.
सुबक नाहीत, अजूनही डोळ्यात खुपतात.
टिपण वाढवलं, कारणासकट, तारखेसकट.
आणि टेस्टसाठी हेल्येकडे एक नाव मागितलं.
तिनं पाठवलं: आन मोत्तुस, जन्म अठराशे एकाहत्तर,
मोलकरीण, सही म्हणून तीन फुल्या.

आता रोज रात्री तीनला
कुठल्याशा थंड खोलीतलं मशीन
चारशे टेस्टच्या रांगेत तिला हाक मारतं.
प्रीटचा गजर व्हायला अजून तास असतो.
आन मोत्तुस ओ देते,
लाटेसकट.