सालींचं अत्तर

नफीसा परकारनं बाटली हातात ठेवली.
होमिओपॅथीच्या गोळ्यांची, बुटकी,
'सकाळ-संध्याकाळ चार' अजून तशीच लिहिलेली.
म्हणाली, तीनच गोष्टी घातल्यात.
चौथी सुचली होती. काढून टाकली.

ईडलिंबाची साल; रस घरी सरबतात गेला.
तिरफळाचं टरफल; आतलं काळं बी कडू, ते फेकलं.
आणि जायपत्री,
जायफळानं अंगाभोवती घट्ट ओढलेलं लाल जाळं.
सगळ्या सालीच की गं, मी म्हटलं.
तिनं चष्मा पुसला. "गर तर कुणीही विकतं."

तिचे आजोबा दाभोळच्या बाजारात अत्तरं विकायचे.
हिना, मजमुआ. माणूस वळणावर असतानाच
दारातल्या कुत्र्याला कळायचं कोण येतंय.
हिला तसं नको होतं.
हिला हवं होतं,
सुटे पैसे देताघेता जेवढं अंतर उरतं
तेवढ्यातच ऐकू यावं, असं काही.
वास ऐकू येतो का?
त्यांच्या घरात यायचा.

मी फेरीबोटीवर तिकिटं फाडते.
सव्वासहाची पहिली फेरी.
मनगटावर एक थेंब, कानामागे अर्धा.
ईडलिंबू आधी.
सुरी टेकताच सालीतून डोळ्यात उडतो तो फवारा, तसं.
आरडाओरडा नाही, पण थेट.
दोन ट्रक, वऱ्हाडाचा एक टेम्पो,
पंधरा मोटारसायकली चढल्या
तेवढ्यात ते गेलं.
गेलं म्हणजे गेलंच.
वाटलं, फसवलं हिनं.

मग खाडीच्या मध्यावर,
डिझेलचा धूर, ओला दोर,
पाट्यांतून ठिबकणारं बर्फाचं पाणी
या सगळ्याच्या खालून
तिरफळ.
जिभेला मुंग्या येतात तशा नाकाला.
लिंबासारखं म्हणावं तर लिंबू नव्हे,
मिरी म्हणावी तर ती लांबूनच हसते.
पैसे परत देताना माझाच हात
मला कुणा दुसरीचा वाटला.

कुणाला काही कळलं नाही.
साडेनऊच्या फेरीत मात्र तुळसा पालशेतकर
टोपली उतरवून, नोट पुढं करून थबकली.
"आज सकाळी सकाळी बांगडं केलंस काय गो?"

हसू आलं. मग वाटलं, बरोबरच आहे तिचं.
मी मनगट तिच्या नाकाशी नेलं.
तिनं डोळे मिटले, बराच वेळ.
मागे जीपवाला हॉर्न देत राहिला.
"मसाला सगळा हाय," ती म्हणाली,
"मासा तेवढा नाय."

दुपारी पत्रा तापला.
घामानं धुऊन जाईल म्हटलं,
तर जायपत्री घामातूनच वर आली.
ईदला शेजारी उघडलेल्या डब्यासारखी,
म्हणजे डबा परत बंद झाल्यावर
खोलीत राहते, तेवढीच.
तीन फेऱ्या ती माझ्याबरोबर अशी उभी होती,
काही न मागता.

शेवटची फेरी जवळजवळ रिकामी.
मनगट नाकाशी धरलं.
तिघांतलं एकही नाही.
मीठ, नोटांचा मळ, कातडी.
कातडी नेहमीसारखीच,
फक्त आज मी तिचा वास घेत होते.

नफीसाचा फोन. "किती टिकलं?"
नऊ तास, म्हटलं. दहा धर.
मग तुळसाचं बोलणं सांगितलं.
पलीकडे इतकी शांतता, की वाटलं रेंज गेली.
"अगं," ती म्हणाली, "मासा तूच ना."

बोट धक्क्याला लागली.
दोर फेकणाऱ्या पोराला मी विचारलं,
कसला वास येतोय का रे?
"कसला?" म्हणाला.

बरं झालं.
बाटलीत अजून अर्ध्याहून जास्त आहे.