गवत समजून

कुताइसीच्या या शाळेत मी सुतारकाम शिकवतो.
बाग माझ्याकडे नव्हती.
एप्रिलात एतेरीबाई आजारी पडल्या
आणि फाटकाची किल्ली माझ्या खिशात आली.

दारापासून वाफ्यांपर्यंत दोर ताणलेला आहे,
मुलांच्या कमरेएवढ्या उंचीवर.
एका गाठीपाशी मुळा. दोन गाठींपाशी कोथिंबीर.
तीन गाठी लागल्या की ग्वांत्सा दोर सोडते
आणि पाण्यात उतरावं तसे
मातीत हात घालते.

"बघू?" म्हणतात मुलं,
आणि बघतात, दहाही बोटांनी.
मिंदियाने घेवड्याचं एक बी सहा वेळा बघितलं.
उकरून, पुसून, कानाशी हलवून.
सहाव्या खेपेला मोड तुटून नखात आला.
तो रडला नाही. बियाची माफी मागितली,
दुसरं पेरलं, आणि दोन्ही हात
मांडीखाली दाबून बसून राहिला
जेवणाची घंटा होईपर्यंत.

ग्वांत्साने सुट्टीहून येताना
ओल्या मोज्यात गुंडाळून एक मुळी आणली होती.
तिचा बाप झेस्ताफोनीची बस चालवतो,
त्याने घरामागून खणून दिलेली.
तारखुना.
आमच्याकडे ईस्टरला कोकराच्या रश्शात पडतो तो पाला,
आधी बडीशेपेसारखा,
मग जीभ जराशी बधिर करणारा.
"डोळ्यांत तेल घालून सांभाळा हं, सर,"
ती म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली.

त्या दिवशी मुलं उठायच्या आत मी तण काढलं.
स्वच्छ ऊन, नाकावर चष्मा.
तीन गाठींपाशी बारीक हिरव्या काड्या उभ्या होत्या,
अरुंद पानांच्या.
गवत. दिसतच होतं की.
उपटलं, बादलीत टाकलं,
बादली कोंबड्यांपुढे उपडी केली.
वाफा कसा न्हाऊन बसल्यासारखा दिसत होता.

न्याहारीला पाव वाटायची पाळी माझी.
ग्वांत्साने तुकडा नाकाशी नेला.
"आज पावात तारखुना घातलाय?"
सगळं टेबल हुंगू लागलं. तोर्निके म्हणाला, हो, हो!
मला कसलाच वास येत नव्हता.
वॉर्निशने माझं नाक केव्हाच मारलंय.
मी माझ्या बोटांकडे पाहिलं.
नखांच्या कडा हिरव्या होत्या.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
माझं तर भर न्याहारीच्या टेबलावर पडलं होतं.

सांगितलं तिला. दुसरं काय करणार?
तिने माझा हात ओढून घेतला,
एकेक बोट हुंगलं, सावकाश,
ठिपके वाचते तसं.
"अंगठा आणि हे. चिमटीत धरून उपटलंत."
"हो."
"मुळी?"
"मुळीपर्यंत गेलो नाही. वरच तुटत होतं."
"मग आहे," ती म्हणाली,
आणि पाव खाऊ लागली.

दुपारी तिने माझा चष्मा काढून घेतला,
खिशातल्या माझ्याच फडक्याने डोळे बांधले.
हे धरा. धार लागते ना? हे गवत.
हे गुळगुळीत, हे मिंदियाचं गाजर, सोडा ते.
सोडा म्हटलं ना!
गुडघे चिखलात, आणि मी, पन्नाशीचा माणूस,
एका गाजराला घाबरून मागे सरलो.

पंधरा-वीस दिवसांनी तिने माझं बोट धरून
एका जागी टेकवलं.
तिथली माती किंचित वर आली होती,
दात यायच्या आधी बाळाची हिरडी फुगते तशी.
मी चष्मा पुसून वाकून पाहिलं.
तपकिरी ढेकळं, एक मुंगी.
"काही दिसत नाहीये."
"थांबा ना," ती म्हणाली, "इतक्यात कसं दिसेल?"

एतेरीबाई बऱ्या होऊन आल्या,
किल्ली मागितली.
उद्या देतो म्हटलं.