बारा डोकी

ओपोकूच्या टपरीबाहेर लाकडी फळी आहे,
फळीवर बारा चौकोन, चौकोनांत बारा डोकी.
ती मी रंगवली.
त्या महिन्यात वाळवंटाकडून धूळ येत होती,
रंग ओला असतानाच आठव्या डोक्यावर बसली,
आठ नंबरला अजून कोंडा आहे.

एक म्हणजे बँक मॅनेजर.
दोन, विमानतळ: वर सपाट, बाजूंनी उतार.
पाच नंबरचं नाव सासरे खूश.
सातला नाव सुचलं नाही, म्हणून सातच.
कुमासीतला प्रत्येक मेकॅनिक लग्नाआधी
ग्रीस लागलेलं बोट सातवर ठेवतो.

केस बाराही निराळे.
चेहरा एकच, हे कुणाला दिसत नाही,
न्हाव्याच्या दारात चेहरा कोण बघतं?

चेहरा पेप्राचा. माझा धाकटा.
टेमा बंदरात बोटीवर काम आहे म्हणाला,
माझा वस्तरा आणि तुरटीचा खडा घेऊन गेला.
अकरा वर्षं.
आईनं काळं कापड आणून पेटीत ठेवलंय,
शिवायला टाकत नाही, परतही करत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी टपरी भरलेली.
उद्या तीन अंत्ययात्रा, एक बारसं,
म्हणजे सगळ्यांच्या माना साफ हव्यात.
ओपोकूच्या फळकुटावर नवा माल:
पाच मिनिटांत दाढी काळी करणारी पुडी,
नाकातले केस कापायचं पेनाएवढं यंत्र,
एक कंगवा, ज्याच्या मुठीत बाटली उघडायची सोय
(हा सर्वांत जास्त खपतो).
टीव्हीवर जुनी कुस्ती,
मुखवटेवाला हरणार हे पाठ असूनही
सगळे मुखवटेवाल्याच्या बाजूनं ओरडत होते.

मुखवटेवाला दोरावर चढला आणि वीज गेली.
खुर्चीत एक परगावचा माणूस,
अर्धं डोकं सात नंबर, अर्धं जसं आलं तसं.
यंत्र त्याच्या कानामागे गप्प.
कुणीतरी म्हणालं, असाच जा,
अर्धेच पैसे दे.

मोबाइलच्या उजेडात त्याला बाहेर आणलं,
वाऱ्याला बसवलं, फळीसमोर.
तो बघत राहिला. एक, दोन, पाच, सात.
मग उठला, चादर गळ्यात तशीच,
आणि पेप्राच्या बाराही नाकांवर बोट आपटत म्हणाला,
हा! हाच तो!
याला मी ताकोराडीत चाळीस सेडी दिले,
जाळं दुरुस्त करायला, मागच्या ईस्टरला.
केसानं गळा कापला हो यानं माझा!

मागच्या ईस्टरला.

माझ्या हातात बाटली होती. ती मी खाली ठेवली.
ओपोकू काही बोलला नाही,
कंगव्यातले केस झटकत राहिला, झालेले असूनही.

मी विचारलं, कसा दिसतो?
जाडा. खोकतो. दोन पोरी आहेत, मोठीला शाळेत मार बसतो.
आणि केस? मी विचारलं. केस कसे ठेवतो?

केस? तो माणूस हसला,
अर्ध्या डोक्यानं हसणारा माणूस मी तेव्हाच पाहिला.
कसले केस? तुळतुळीत आहे तो,
पावसात गोगलगाय चढली तर घसरेल.
अंगावर ओरखडा नाही,
केसालाही धक्का नाही म्हटलं असतं मी,
पण केस तर हवेत!

वीज आली. मुखवटेवाला एव्हाना आडवा होता.
उरलेलं अर्धं डोकं ओपोकूनं पूर्ण केलं,
स्पिरिट लावलं, तो माणूस स्स् म्हणाला,
पैसे ओपोकूनं घेतले नाहीत.

मी चाळीस सेडी मोजून त्याच्या खिशात घातले.
तो म्हणाला, तू का देतोस?
मी म्हणालो, पावती कर.
कागद नव्हता. पुडीच्या खोक्यावर लिहून दिलं त्यानं:
पेप्राकडून, चाळीस, मिळाले.

खोकं आता आईच्या पेटीत आहे, कापडावर.
फळीवर मी हात लावलेला नाही.
ओपोकू म्हणतो, तेरावा चौकोन कर, सोपाय,
एका डोक्याएवढा रंग, वर काहीच नाही.
बघू.
काल एकानं येऊन विचारलं,
सात आहे का अजून?