अर्धा सेंटिमीटर

लिएपायाचं बंदर, फेब्रुवारी, पहाटेचे सव्वातीन.
भाषेची नवी आवृत्ती चढवून झाली
आणि स्क्रीनभर लाल.

एगिता म्हणते, चला, एकेक.
पहिली लायब्ररी नुसती रुसलेली,
नव्या नावानं हाक मारली की बोलते.
दुसरीला तिसरी हवी, तिसरीला चौथी, तीही जुनीच,
आणि चौथी नव्या घरात पाऊल ठेवायला तयार नाही.
सोयरीक जमवणाऱ्या मावशीसारखी
एगिता या उंबऱ्यावरून त्या उंबऱ्यावर:
हिचा आकडा चढव, तिचा उतरव.
मेळ बसतो. दोन ओळी पुढे पुन्हा घोडं अडतं.

जुन्या भाषेत अक्षरं आणि बाइट एकाच ताटात जेवत.
नवी भाषा पंगती वेगळ्या मांडते.
त्या गडबडीत दरवाजा राखणाऱ्या एरिक्सच्या
पहिल्या अक्षरावरची रेघ गेली, अक्षरही गेलं.
एकोणीस वर्षांची नोकरी, आणि हजेरीपटावर
प्रश्नचिन्ह-रिक्स.
ते तिनं आधी दुरुस्त केलं.

उरली एक. पाण्याची पातळी काढणारी.
कर्ता वाल्तेर्स, शेवटचा बदल अकरा वर्षांपूर्वी.
मधेच टीप: इथे हात लावू नका,
हे का चालतं ते मलाही ठाऊक नाही.
एगिता हात लावते.

पाच वाजता सगळं हिरवं.
पाच वाजून दोन मिनिटांनी
शांत समुद्रावर कालव्याचा दरवाजा
आपोआप लागतो.

दोन मापकं. एक नव्वद, एक एक्याण्णव.
बेरीज भागिले दोन.
जुनी भाषा म्हणायची नव्वद,
उरलेला अर्धा मुकाट गिळायची.
नवी म्हणते साडेनव्वद.
नव्वदच्या वर गेलं की लावा,
असा नियम.

सात वाजता कुल्दीगाला फोन.
वाल्तेर्स आता मधमाश्या पाळतो.
"अर्ध्या सेंटिमीटरला तेव्हा कोण विचारत होतं?"
मग बराच वेळ नुसता श्वास.
"त्या जानेवारीत दरवाजा उशिरा लागला होता.
माझ्या बहिणीच्या तळघरात कमरेइतकं पाणी.
आम्ही वाऱ्याला बोल लावला."

भागाकाराच्या तिरक्या रेघेशेजारी
आणखी एक तिरकी रेघ दिली
की जुनी भाषा परत येते.
एगिता रेघ देते.
खोडते.

जिन्यावर बूट वाजतात. एरिक्स, खांद्यावर बर्फ.
"उघडू का?"
"थांब जरा," ती म्हणते, "कॉफी घे."